खाडाखोड

पुण्याहून एक गृहस्थ येतात अधूनमधून,
पांढरे हातमोजे घालून माझी पत्रं बघतात.
मी ती इतकी वर्षं साखर पेठेतल्या या खोलीत
नरसूबाईच्या बिडीच्या सुपाशेजारी बसून
उघड्या हातांनी चाळली.
काही पाकिटांना अजून तंबाखूचा वास आहे.
गृहस्थ शिंकतात, आणि माफी मागतात. पत्रांची.

मिलच्या फोल्डिंग खात्यात मी गाठींवर पत्ते रंगवायचो.
इंदूर. कानपूर. गुवाहाटी.
घरात तेलुगू, शेजारी कानडी,
मराठी रात्रशाळेत शिकलो, चोविसाव्या वर्षी.
शिकल्यावर एकच खूळ लागलं:
ज्यांची पुस्तकं छापतात
ती माणसं हातानं ‘ळ’ कसा काढत असतील?

म्हणून जोडकार्डं धाडली, उत्तराची बाजू कोरी.
आली उत्तरं. वाङ्मयाविषयी दोन ओळी
आणि खाली, ता. क.,
‘तिकडे चादरी गिरणीच्या भावात मिळतात असे ऐकतो.’

आंबर्डेकरांनी दोन मागवल्या, तांबड्या नकोत म्हणाले.
केळशीकरबाईंनी लेकीच्या लग्नात अकरा,
सोबत मनिऑर्डर, आणि वर पाच रुपये
‘तुमच्या मुलांच्या खाऊसाठी’.
मुलं नव्हती आम्हाला. पाच रुपयांची फाइल आणली.
कवी धोंगड्यांनी पैसे बुडवले आणि कविता पाठवली.
कविता वाईट होती.
तीही आहे, एकशे चार नंबरला.

मग मिल बंद पडली.
थकलेल्या पगारापोटी चादरी हातात आल्या,
पूर्व भागात दारोदार चादरी,
आणि घेणारं कोण? सगळेच विणणारे.
त्या थंडीत मी एक चादर आंबर्डेकरांना धाडली,
मागितली नव्हती तरी.
तांबडीच होती. दुसरा रंग उरला नव्हता.

त्याचं उत्तर हे.
पातळ निळं आंतर्देशीय.
‘चादर मिळाली. मी मजेत आहे.’
पण ‘मजेत’च्या आधी एक शब्द खोडलाय.
साधा नाही खोडलेला. तीनदा आडवा, मग उभा,
जणू कुणी त्यावर ताणा-बाणा घातलाय.

त्यांची सतरा पुस्तकं वाचली होती मी.
एकही शब्द कुठे अडखळलेला नव्हता.

उन्हात धरलं. एप्रिलचं सोलापूरचं ऊन,
त्यातूनही दिसेना.
शेवटी विणीतली चूक बघतात तसं
कागद उलटा केला, मागून बोट फिरवलं.
निब रुतली होती.
एक काना. एक मात्रा. थांबलो. पुन्हा फिरवलं.

लागला शब्द.
कुणाला सांगितलेला नाही, नरसूबाईलाही नाही.
एवढंच सांगतो की त्यात वेलांटी चुकली होती,
पहिली हवी तिथे दुसरी.
याच चुकीसाठी तंबाके गुरुजींनी मला
वीस बिगाऱ्यांसमोर उभं केलं होतं.
त्या रात्री झोप छान लागली,
का ते विचारू नका.

गृहस्थ म्हणतात, पत्र चांगलं आहे,
सही ठसठशीत आहे,
पण खाडाखोडीमुळे भाव थोडा पडेल.

आमच्याकडेही असंच असायचं.
धागा चुकला की माल ‘सेकंड’,
शिक्का मारून कामगारांना निम्म्या किमतीत.
जन्मभर सेकंडच पांघरल्या आम्ही,
ही खाली अंथरलीय तीसुद्धा. बसलात ना तिच्यावर?

मी म्हटलं, मोजे काढा जरा,
इथे, मागच्या बाजूनं, बोट फिरवून बघा.
ते हसले. नियम आहे म्हणाले.

मी पत्र घडी घालून ठेवलं.
नरसूबाईनं शेंगाची चटणी बांधून दिली त्यांना,
आणि रिकामं जायला नको म्हणून
एकशे चार नंबर मी फुकट दिला.