शेळी अजून पाण्यात

एकाहत्तरचा डिसेंबर. कंदिलाच्या काचेला काळा कागद,
खटावात विमान कुणी पाहिलं नव्हतं, तरी.

वीज येईतो गिरणीत
हमीदा मुलाणी गोष्ट सांगायची:
घुंगरू हरवलेली शेळी
डोंगरामागं डोंगर हुडकत निघालेली.
नेमकी ती नदीच्या मधोमध, की वीज यायची.
पट्टा चढवत हमीदा म्हणायची,
"ऱ्हायलेलं उद्या."

सतरा घरांतली माणसं हद्दीवर.
तिचा दस्तगीरही.

बुधवारी तार आली, इंगवल्यांच्या दारी.
गोष्ट थांबली. दळणं तेवढी चालली.

तेरावा उरकून
सगुणा इंगवले आली, पाटीत पायलीभर जोंधळा,
कपाळ मोकळं.
बायका सरकल्या, जागा झाली.
पाटी उतरवत ती म्हणाली,
"हमीदा, शेळी अजून पाण्यातच हाय न्हवं?"

वीज आली होती.
पट्टा कुणी चढवला नाही.