कोटांची खिडकी

शनिवारी मी गाणं ऐकायला जायचे नाही,
कोट सांभाळायला जायचे.
हल बंदर, केळ्यांच्या गोदामाखालचं तळघर,
टिन व्हेल क्लब.
तेरा पायऱ्या उतरल्या की डाव्या हाताला माझी खिडकी,
माझ्या पाठीशी एक भिंत,
भिंतीपलीकडे सगळं.

एका कोटाचे सहा पेन्स. एक पितळी बिल्ला गिऱ्हाइकाला,
त्याच आकड्याचा जुळा हँगरला.
माणसं मला चेहऱ्यांनी आठवत नाहीत, कोटांनी आठवतात.
ट्रॉलरवरच्या पोरांनी कितीही अत्तर फासलं
तरी कॉलरला हॅडॉकचा वास.
तीन आठवडे आइसलंडकडे, तीन दिवस घरी,
त्या तीन दिवसांत खिसा असा झटकायचे
की पुन्हा बोटीवर चढण्यावाचून गत्यंतर उरू नये.
नर्सांचे निळे झगे, आतून लालभडक.
युनिसचा कोट तिच्या आईचा.
खिशातून उंच टाचांच्या चपला आणायची चोरून,
आणि एकदा चपलेत आईची चिठ्ठी निघाली:
शेवटची बस अकरा वीसला.

दारूचा परवाना नव्हता. कॉफी मिळायची.
कपबश्या विसळलेलं पाणीच स्टॅम्पर पुन्हा उकळतो, म्हणायचे लोक.

सव्वाशे शनिवार तरी असतील.
स्टेज मी पाहिलं चार वेळा, तेही साफसफाईला.
दार उघडलं की आवाज अंगावर यायचा, ओळखीचं कुत्रं यावं तसा,
बंद झालं की परत भिंतीत.
म्हणतात, भिंतीला कान असतात.
माझ्या भिंतीला छाती होती.
शब्द, वरचे सूर, गिटारचा नखरा
तिकीट काढणाऱ्यांकडेच राहायचा.
माझ्या वाट्याला खालचं:
बेसचा घुमारा, ड्रमचा दणका,
दोन खांद्यांच्या मधोमध.
टांगलेल्या बाह्या जरा जरा हलायच्या.
दीडशे रिकामे कोट, आणि त्यांच्यात मी, डोळे मिटून.
स्टॅम्परला कळतं तर
नाचायचे पैसे पगारातून कापले असते त्याने.

एका रात्री सत्तेचाळीस नंबर कुणी नेलाच नाही.
उंटाच्या रंगाचा, एक बटण कमी,
खिशात अर्धी पेन्सिल, दोन पेपरमिंट.
एक महिना थांबले. मग आणखी एक.
न आलेल्या माणसाबद्दल
आमच्या गावात मोठ्याने विचारत नसत.
बटण लावलं, बाह्या आखूड केल्या,
अकरा हिवाळे वापरला.

आणि मग खाटकाच्या दुकानात, रांगेत मागून,
"छान कोट आहे. माझा अगदी असाच होता."
"हरवला?"
"नाही. बिल्ला हरवला.
आणि खिडकीतल्या मुलीला विचारायची लाज वाटली."
चांगला धडधाकट होता. टक्कल पडलेलं.
त्याची नजर चौथ्या बटणावर, जे माझं होतं.
मी पाव किलो सॉसेज घेतलं.
कोट काढून दिला नाही. थंडी होती.

परवा कानाच्या डॉक्टरनं कागदावर रेघ काढून दाखवली,
घसरगुंडीसारखी.
वरचे सूर गेले, म्हणाला, खालचे शाबूत आहेत.
त्याला वाटलं, मला वाईट वाटेल.
युनिसला अजून टाचणी पडलेली ऐकू येते,
पण ती कुणाची, कुठली, हे तिला आश्रमातल्या बायका सांगतात.

शेजारच्या फ्लॅटमधला पोरगा संध्याकाळी बेस वाजवतो.
तक्रारीचा अर्ज घेऊन ग्लेनिस प्रॅट आली होती,
वरपासून खालपर्यंत सगळ्यांच्या सह्या.
चष्मा सापडत नाही म्हटलं मी.
ती गेली आणि खुर्ची उलटी फिरवली,
पाठ टेकली भिंतीला.

कच्चा आहे अजून. चौथ्या ठोक्याला घाई करतो.
टिन व्हेलचा ड्रमरही करायचा,
आणि त्याला मी कधी पाहिलं नाही.