खाडा

सत्तावीस वर्षं केएमटीत कंडक्टर होतो.
सुट्टे मागणं हे माझं जुनंच काम,
म्हणून मंडळानं डबा माझ्याच हातात दिला.

फुटबॉलचा हंगाम. मध्यंतराची दहा मिनिटं.
इकडं आमच्या पेठेची पोरं, तिकडं त्यांची,
मधे पोलिसांची दोरी,
आणि दोरीखालून वाकून जाणारा मी एकटा,
कारण डब्याला पेठ नसते.
एका गोलानं मागं असलेली माणसं हात आखडतात,
हे दोन हंगामांत शिकलो.
पुढं असलेली नोट टाकतात, वर विचारतात,
"मामा, कुणासाठी ओ?"
गगनबावड्याच्या अंगाला वाड्या आहेत,
तिथल्या बायकांसाठी. कर्जाऊ. परत येतं.
"परत येतं?"
हसतात.
पण टाकतात.

बाकी मग रविवारी रंकाळ्यावर भडंग.
शमशादभाभी लसूण ठेचते, हौसाक्का फोडणी घालते,
कॉलेजच्या दोन पोरी पाकिटांना पिना मारतात
आणि एक पिन हमखास कुणाच्या तरी बोटात जाते.
एकदा तिखट जास्त पडलं.
त्या दिवशी सगळ्यात आधी संपलं.

ठकूबाई येडगे आली तेव्हा
आम्ही शेळीचा अर्ज काढून ठेवलेला.
म्हणाली, "शेळ्या हाईत. काटा पायजे."
कसला काटा?
"वजनाचा. हिरडा मी वेचतो, शिकेकाई मी वाळवतो,
आणि किती झाली ते आजवर
घेणाराच सांगत आलाय."
कुणी काही बोललं नाही.
पंख्याचा तेवढा आवाज.
बत्तीसशे रुपये, वीस हप्ते,
दर महिन्याच्या पाच तारखेला एकशे साठ.

सहा हप्ते आले. सातव्याला ती आली नाही.
आमच्या बैठकीत 'नाही' शब्दाला फार पाय फुटतात:
एक म्हणाला, सांगितलं नव्हतं?
एक म्हणाला, नोटीस.
मी चहाच्या निमित्तानं उठलो,
खिशातले एकशे साठ पेटीत सारले
आणि वहीत तिच्या नावापुढं आकडा भरला.
गाडीवर असताना हेच करायचो.
पट्ट्यात कमी पडलं की आपलं घालायचं,
घरी सांगायचं नाही.

आठव्याला आली. तीनशे वीस मोजून ठेवले.
मी म्हणालो, एकशे साठच. मागचा जमा आहे.
तिला अक्षर येत नाही,
पण काट्यानं आकडे शिकवलेत.
वही आपल्याकडं वळवून घेतली,
सातव्या घरावर बोट ठेवलं.
"हे कुणी लिवलं?"
मी.
"त्या म्हैन्यात मी आलो न्हाई. पोरगीचं बाळंतपण हुतं.
खाडा केला तर खाडा लिवायचा.
माझा खाडा हाय त्यो,
तुमी का भरलासा?"

मी लाल पेन काढलं.
आकड्यावर काट मारली, लिहिलं: खाडा.
तिनं ते बघितलं, पदर सारखा केला
आणि चारची एसटी गाठायला निघून गेली.

आता पेटीत एकशे साठ जादा.
पिना मारणारीच एक पोर हिशोब बघते,
ती म्हणते, मामा, तुमचे तुम्ही घ्या.
घेता येत नाहीत.
गाडीवर कमी पडलं तर खिशातनं भरून सुटका होती,
जादा निघालं तर तपासनीस डोळ्यात बघून विचारायचा,
बोला, कुणाचं तिकीट फाडलं नाही?

दर पाच तारखेला बेरीज करताना
पोरगी त्या ओळीशी थबकते,
पेन्सिलचं टोक चावते.
मी म्हणतो, असू दे तसंच.
पुढची ओळ घे.