चार शब्दांचं कलम

मुस्त्वेत जानेवारीत चारच्या आत दिवस मिटतो.
हेल्दुर दिवा लावत नाही. स्क्रीनचा उजेड पुरतो त्याला,
आणि बाहेरच्या गोठलेल्या सरोवराचा.

चौदा हिवाळ्यांपूर्वी लिहिलेला त्याचा प्रोग्रॅम:
वारा, तापमान, रात्रीचं आभाळ एवढं घातलं
की सांगतो, बर्फ आज किती बोटं जाड,
माणूस पेलेल, की स्लेज, की गाडी.
खाली परवाना, जेमतेम बारा ओळींचा.
घ्या, वापरा, बदला, विका.
बुडालात तर मी जबाबदार नाही.

तालिनची एक विमा कंपनी तोच आकडा उचलते,
वर आपला शिक्का मारते,
कोळ्यांना महिना नऊ युरोंना विकते.
धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात.
ही मोजते, आणि एक कमी भरला
तर पत्र पाठवते गाईच्या मालकाला:
लवकरात लवकर दुरुस्त करावे ही विनंती.
रविवारी.

म्हणून नवं कलम. चारच शब्द.
व्यावसायिक वापरास परवानगी नाही.
मला विचारलं त्याने, कारण आत अकरा ओळी माझ्या आहेत,
शाळेत असताना लिहिलेल्या, जरा गबाळ्याच.
मी हो म्हणणार होते.

तेवढ्यात येफिम आला, बूट आपटत,
कोटाला धुरावलेल्या मासळीचा वास.
"व्यावसायिक म्हणजे कोण रे?"
जो त्यातून पैसे कमावतो तो, हेल्दुर म्हणाला.
येफिमने बोटं मोजली. शनिवारी सात मासे,
शिवाय कांद्याच्या दोन माळा, पण त्या बायकोच्या.
"मग मी व्यावसायिक."
कुणीच हसलं नाही.

हेल्दुर पुन्हा लिहायला बसला. मोठा व्यावसायिक.
मोठा म्हणजे किती? दहा माणसं? अकरावा नातेवाईक असला तर?
रात्रभर तो कुंपणाचे खुंट ठोकत राहिला
बर्फात, जो एप्रिलमध्ये जाणारच होता.

आणि भेगांचं गणित आल्वरचं. चाळीस ओळी.
आल्वर चार वर्षांपूर्वी तार्तूच्या इस्पितळात गेला.
त्याच्या बायकोने, माइमूने, फोनवर सांगितलं:
त्याच्या कोटाचं मी ठरवलं, होडीचं ठरवलं.
ह्या ओळी मला वाचताही येत नाहीत.
त्याने ठेवल्या तशाच राहू देत.

कलम पुसलं गेलं. कधी, ते मला कळलं नाही.
पुढच्या पत्राला हेल्दुरने दोन ओळींचं उत्तर धाडलं:
प्रोग्रॅम फुकट आहे. माझा रविवार नाही.
खाली तासाचा दर, खातेक्रमांक.
उत्तर अजून आलेलं नाही.

येफिम रोज पहाटे फोनवर आकडा बघतो
आणि तरी लोखंडी काठी घेऊन निघतो,
दर चार पावलांवर ठोकत.
परवान्यातच लिहिलंय, म्हणतो.
शेवटची ओळ वाच.