जागा सोडा

नौपाड्यात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
मी पानाला चाळीस पैशांनी टाइप करायचे.
वकिलांच्या नोटिसा, सोसायटीचे ठराव,
आणि शहात्तर साली, दिवाळी उलटल्यावर,
कुमुद टिपणीसांचं पाणी.

"इथे जागा सोड," त्या म्हणायच्या, "दोन बोटं. इथे एक."
माझ्या मशिनीत त्यांची चिन्हं नव्हती.
सोडलेल्या जागेत त्या बारीक निबेनं
उभी आकडी काढायच्या, उलटा त्रिकोण,
आणि एक शेपटीचं अक्षर,
भिंतीवरच्या पालीसारखं.

इंग्रजी अक्षरं माझ्या ओळखीची, वाक्यं परकी.
बाई, हे आहे तरी काय?
त्यांनी चहाची बशी तिरकी धरली.
"मधला चहा सरकतो, बघ. बशीला टेकलेला नाही सरकत.
जोर कितीही असो,
भिंतीला लागलेलं पाणी भिंतीचंच होऊन राहतं.
हे जुनं आहे, माझं नव्हे.
माझं रविवारी दाखवते."

रविवारी कळव्याच्या जुन्या पुलाखाली गेले.
वखारीतला भुसा त्यांनी रुमालात बांधून आणलेला.
एक मूठ चिखलालगत, एक लांब, मधोमध.
भरती सरत आली होती.
मधला भुसा अजून साकेतकडे चाललेला
आणि कडेचा, कुणी हाक मारल्यासारखा,
विटाव्याकडे वळलासुद्धा.
त्यांनी घड्याळ पाहिलं. पदराला चिखल.
"किती मिनिटं आधी?
एवढंच सात वर्षं विचारतेय."

सरळ, गुळगुळीत भिंत असती तर उत्तर पुस्तकात होतं.
खाडीची कड सरळ नसते.
चिखल स्वतःही थोडा वाहतो,
पाणी त्याला ओढतं, तो पाण्याला.
दिवसा अकरावीच्या पोरांना त्रिकोणमिती,
रात्री हा चिखल.
एकोणीस पानांत त्यांनी तो बसवला.
मला त्यातलं एकच कळायचं:
कुठल्या पानावर त्यांचा हात थरथरला होता.

नवव्या पानाखाली एक टीप होती.
चेंदणीच्या दामा नाखव्याची.
होडी बांधता बांधता तो त्यांना म्हणाला होता,
"कडंचा पानी पयला फिरतं, बाय.
मधल्याला मंगशी कलतं."
त्या दिवशी त्या कॉलेजात गेल्याच नाहीत,
पुलाखाली बसून राहिल्या.

परदेशातून पाकीट आलं.
सिद्धता मान्य. भाषा दोन ठिकाणी सुधारा.
नावाड्याचं म्हणणं हा संदर्भ नव्हे, ते काढा.

त्या पायरीवर बसल्या. खाली गिरणी चालू होती,
त्यांच्या चष्म्यावर पीठ बसत होतं.
"नववं पान परत टाइप कर," म्हणाल्या.
"टीप नको."

मी कागद चढवला. ओळीमागून ओळ उतरवली.
तळाशी आले तेव्हा रोलर दोनदा फिरवला
आणि कागद तसाच काढून दिला.

त्यांनी तो खिडकीशी धरला.
पाहिला बराच वेळ.
कोऱ्या पट्टीवर बोट फिरवलं.
मग पेनचं टोपण दातात धरून
त्या लिहायला लागल्या.

छापताना ते राहिलं की गेलं,
मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
मी बिल केलं. एक पान, चाळीस पैसे.
मोकळ्या जागेचे मी कधीच लावत नसे.