सहा नंबरची नळी

उणे ऐंशीच्या फ्रीझरमधून आज सहा नंबरची नळी काढली.
बोटाच्या पेराएवढी. तळाशी
पाण्यासारखंच दिसणारं काहीतरी.
लेबलवर माझंच अक्षर, ओलाव्यानं फुगलेलं:
स्टॅट-एक, मानवी.

मानवी म्हणायचं फक्त.
वाढलं ते जिवाणूंच्या पोटात,
सागरमाळावरच्या या खोलीत, रात्रभर हलणाऱ्या फ्लास्कमध्ये.
त्या फ्लास्कातल्या पाण्याला जस्मिन मुजावर
"तांबडा नाही, पांढरा नाही, आमचा पिवळा रस्सा" म्हणते.
शेपटीला सहा हिस्टिडिन बांधून दिले होते,
जत्रेत पोर हरवू नये म्हणून
मनगटाला दोरा बांधतात तसे.
निकेलनं ती शेपटी धरली. बाकीचे वाहून गेले.

बाबांनी एकदा विचारलं, "म्हंजे नेमकं काय बनवतीस?"
म्हटलं, तुमचंच काम. साचा आपला, ओतकाम दुसऱ्याचं.
उद्यमनगरात चाळीस वर्षं त्यांनी सागवानात
पंपांची पोटं कोरली, चरकाचे दाते कोरले,
निवताना लोखंड आकसणार म्हणून
सगळं सूतभर मोठं.
त्यांनी मान हलवली. मग म्हणाले,
"आन हे बी आकसतं का?"
आकसत नाही बाबा. पण कधी घडी चुकते,
आणि रात्रभराची मेहनत गोळा होऊन तळाशी बसते.

शरीरात असता तर हा निरोप्या.
पेशीच्या वेशीवर हाक येते, विषाणू शिरलाय,
तेव्हा कुणीतरी याला फॉस्फेटचा टिळा लावतं
आणि हा जागा होतो.
एकट्यानं जमत नाही.
लग्न झाल्यावर जोतिबाला जातात, तशी जोडी लागते.
मग गाभ्यात शिरायचं,
एवढ्या मोठ्या पोथीतली नेमकी ओळ शोधायची,
तिच्या कानात म्हणायचं: ऊठ.

आणि नंतरचं काम, जे कुणी विचारत नाही.
टिळा पुसून बाहेर येणं.

दोन वर्षं झाली, बाबा चहाचा कप
दोन तळव्यांत दाबून धरतात. बोटं मिटत नाहीत.
पटाशीच्या मुठीवर कापड गुंडाळून बघितलं, मग तेही सोडलं.
सीपीआरमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
तुमचीच फौज तुमच्या सांध्यांवर उठलीय.
बाबा म्हणाले, "म्या काय केलं तिचं?"

आपल्या भाषेत येतो तोही निरोप
आणि घेतो तोही निरोप.
बाबांच्या बोटांत कुठेतरी निरोप पोहोचलाय,
पण निरोप्यानं निरोप घेतलेला नाही.
हे प्रबंधात लिहिता येत नाही.
शंभर रस्ते, हजार निरोपे, त्यातला एक हा,
आणि हाच तो, याला पुरावा नाही माझ्याकडे.

आज रविवार. डिपार्टमेंटला कुणी नाही.
वॉचमन सिद्धूमामांनी बाबांना खुर्ची दिली.
नळी बर्फात हळूहळू वितळू दिली आणि त्यांच्यापुढे धरली.
चिमटीत येईना,
तेव्हा त्यांनी ती घेतली तळव्यांच्या मध्ये,
चहाच्या कपासारखी.

ऊब लागली की हा बिघडतो.
सांगायला हवं होतं.
अकरा नळ्यांतली एक, तीन महिन्यांतले आठ दिवस.
मी घड्याळाकडे पाहिलं, आणि मग पाहिलं नाही.

"कायबी दिसत न्हाई गं."
नाही दिसत.
"जितं हाय का?"
जिवंत नाही, पण मेलेलंही नाही. टिळा लागलेला नाही अजून.
"म्हंजे निजलंय."
हो.

बराच वेळ ते तसेच बसले.
खिडकीबाहेर माळावर कुणीतरी सायकल शिकत होतं, पडत होतं.
"गार लागतंय बोटास्नी," बाबा म्हणाले, "बरं वाटतंय."
मग नळी माझ्या हातात ठेवत,
"असू दे. उठवू नगंस त्येला."

रजिस्टरात लिहिलं:
नळी सहा. वापरली.
कशासाठी, तो रकाना कोरा ठेवला.