बंद नाकातला म

सुर्लच्या रस्त्यावर खनिजाचे टिपर धावतात,
त्यातला एक माझा.
कौलांवर, केळीवर, वाळत्या दुपट्यांवर
तांबडी धूळ.

उर्वी तोंड उघडं टाकून झोपते.
घोरते, जुन्या फेरीबोटीसारखी,
मग एकदम गप्प.
मी उशाशी बसून मोजतो: एक, दोन, तीन, चार…
पुन्हा श्वास.

डॉक्टर मिनेझिसबाईंनी कागदावर नाक काढलं,
नाकामागे एक गादी.
"मुलांची राखण करते ती.
सर्दी सारखी आली की सुजते, वाट अडवते."
म्हणजे राखणदारच उंबऱ्यात आडवा.

ताई मिठाचं पाणी कोमट करते,
उशीखाली आणखी एक उशी.
हळदीचं दूध मांजर पितं.
मी शर्ट आता विहिरीपाशीच काढतो.

बंद नाकातून म निघत नाही.
मीठ होतं बीठ, नाक होतं दाक,
आणि मला हाक येते: बाबा.
तिचा बाबा बोटीवर. सात महिने.
व्हिडिओ कॉलवर अडकत अडकत दिसतो.
हाक ऐकली की ताई भांडी जोरात घासते.
मी कधी दुरुस्त केलं नाही.

थेंबांचा दुसरा महिना.
काल पहाटे ती तोंड मिटून झोपलेली.
उठली, टिपरच्या पायरीवर चढली:
"मामा!"

अख्खे दोन म.

"हां, बोल," म्हटलं.
काय हवं होतं ते ती विसरली होती,
धुळीच्या काचेवर बोटानं
नाक काढत बसली.